उन्हाळ कांद्याचं फ्रेंच सूप

मार्च-एप्रिलमध्ये लासलगावच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर रांगेनं लागतात. चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा हाच कांदा फ्रेंच ओनियन सूपसाठी घ्यावा. लाल कांद्याला पाणी जास्त सुटतं.

किलोभर कांदा उभा, पातळ चिरून लोणी आणि मिठासह स्लो कुकरमध्ये मंद आचेवर आठ-दहा तास ठेवतात. कांद्यात पाणीच 85 टक्क्यांहून जास्त. घट्ट झाकणाखाली ते उडत नाही, कांदा फिकाच राहतो. म्हणून शेवटचे दोन तास झाकण जरा तिरकं ठेवायचं. तेव्हा कुठे कडा तपकिरी होतात, गोडसर वास घरभर सुटतो.

मग गरम स्टॉक, तमालपत्र आणि थोडी व्हाइट वाइन, तीही नाशिकच्याच द्राक्षांची! वाढताना वर भाजलेला पाव आणि चीज.