गुरुवारची सुट्टी, रविवारचा वर्ग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : "नोकरी करता करता ऑनलाइन पदवी घेता येते का?" एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, पिलानीच्या बिट्स संस्थेतून नोकरी सांभाळून एम.टेक. केलं, हे आपल्या ग्रुपवर कळल्यापासून मला बरेच फोन आले. बहुतेकांचा प्रश्न स्वतःसाठी नव्हता. "मुलगा डिप्लोमा करून चाकणला लागलाय, त्याने पुढे काय करावं?" "भाची भोसरीत क्वालिटीला आहे, तिला जमेल का?" म्हणून आज माझ्या पदवीपेक्षा त्या मुलांबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. काम करता करता शिकणं ही कोरोनातून निघालेली कल्पना नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न सोडवायला घेतला होता : ज्याचा दिवस पोटासाठी विकला गेला आहे, त्याने शिकायचं कधी? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'नेही त्याच प्रश्नाला हात घातला. पुढे १९८५ साली इग्नू आलं, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. आणि पिलानीचा नोकरदारांसाठीचा कार्यक्रम तर १९७९ पासून आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीपासून.

आपलं गावही याच प्रश्नावर उभं आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ नंतर एमआयडीसी आली, १९८२ साली महापालिका झाली. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कंपनीत होते. त्यातले कितीतरी हुशार होते आणि दहावी-बारावीवर थांबले, कारण पाळी चुकवून कॉलेजला जाता येत नव्हतं. त्यांना अभ्यास झेपला नसता असं नाही. वेळापत्रक त्यांच्यासाठी केलेलंच नव्हतं.

आता हे शिक्षण प्रत्यक्षात चालतं कसं, ते सांगते. माझे चार सेमिस्टर होते. तास शनिवार-रविवारी ऑनलाइन, चुकला तर रेकॉर्डिंग. मधे असाइनमेंट आणि क्विझ, सहामाहीच्या मध्यावर एक परीक्षा आणि शेवटी मोठी. चौथ्या सेमिस्टरला प्रबंध, आणि तो आपल्याच कामाच्या ठिकाणचा प्रश्न घेऊन करायचा.

खरं शिक्षण मला तिथे मिळालं. मी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. मशीन बंद पडलं की ऑपरेटर पडद्यावर कारण निवडतो, आणि त्या नोंदींवरून कोणती मशीन का थांबतात ते काढायचं, असा माझा विषय होता. आकडे हातात आले तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदींत एकच कारण दिसलं. गणिताने ते सिद्ध करणं सोपं होतं. पण माझे मार्गदर्शक म्हणाले, "आधी जाऊन बघा." मी चाकणच्या त्या कारखान्यात दोन रात्रपाळ्या लाइनवर उभी राहिले. पडद्यावर चाळीसेक कारणांची यादी होती, अक्षरं बारीक, आणि ऑपरेटरच्या हातात जाड हातमोजे. एक ऑपरेटर मला म्हणाला, "मॅडम, पहिलं बटण दाबलं की मशीन लवकर सुरू करता येतं. टार्गेट पण आमचंच असतं ना." म्हणजे ते आकडे मशीनबद्दल काही सांगतच नव्हते, ते हातमोज्यांबद्दल सांगत होते. आम्ही यादी आठ मोठ्या बटणांवर आणली, तेव्हा कुठे नोंदींत जीव आला. वीस वर्षं नोकरी करून मी हे पाहिलं नव्हतं असं नाही, पण थांबून त्याचा अभ्यास करायला कुणी सांगितलं नव्हतं. काम आणि शिक्षण एकमेकांत मिसळलं की ते हे असं.

आता किंमत. दोन वर्षं शनिवार-रविवार गेले. लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळीकडे "येते, पण तास संपला की" असं सांगावं लागलं. पहाटे पाच ते सात हे दोन तास माझे होते. बाकी व्हिडिओ बसमध्ये ऐकले. नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात गाडी अडकली की एक अख्खा तास ऐकून व्हायचा, त्या ट्रॅफिकचा एवढा तरी उपयोग झाला. आणि मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको : पुरुष शिकायला बसला की घर आवाज कमी करतं, बाई शिकायला बसली की घर विचारतं, "आज डबा काय?" माझ्या घरी सासूबाईंनी परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, म्हणून मी इथे हे सांगू शकते. ज्या घरात असं माणूस नाही, तिथे हुशारी पुरेशी पडत नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. माझी सुट्टी शनिवार-रविवार, आणि तासही शनिवार-रविवार. भोसरीतल्या आपल्या भाचीची सुट्टी गुरुवारी. हे वेळापत्रक ज्याने आखलं त्याच्या डोळ्यांपुढे तळवड्याच्या आयटी पार्कमधला माणूस होता, भोसरीच्या शेडमधला नव्हता. वर पाळ्या : या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. रेकॉर्डिंग पाहता येतं हे खरं, पण परीक्षेचं रेकॉर्डिंग नसतं. परीक्षा रविवारी सकाळी असते आणि मुलगी शनिवारी रात्री नाईटला असते.

दुसरी काळजी खोट्या पदव्यांची. ही जाहिराती करणाऱ्यांकडून कळणार नाही, म्हणून नीट ऐका. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून, परवानगीशिवाय दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा देऊन उत्तीर्ण व्हावं लागणार होतं. त्यानंतरच्यांच्या तर रद्दच झाल्या. माणसं तोपर्यंत त्या पदवीवर बढत्या घेऊन बसली होती. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत ते विद्यापीठ आणि नेमका तो अभ्यासक्रम आहे का. बी.ए., बी.कॉम., बी.सी.ए. यांसारख्या मान्यताप्राप्त मुक्त किंवा ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहेत, हे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. दोन, इंजिनिअरिंगची पदवी "घरबसल्या" देतो असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. डिप्लोमावाल्या नोकरदारांसाठी एआयसीटीईने २०२३-२४ पासून मान्यताप्राप्त कॉलेजांना सोयीच्या वेळेत वर्ग चालवायला परवानगी दिली आहे, आपल्या भागातल्या कॉलेजांत जाऊन त्याची चौकशी करा. तीन, "शिका आणि कमवा" म्हणून कुणी कामावर घेत असेल तर विचारा : शिकवणार कोण, किती तास, आणि प्रमाणपत्रावर सही कुणाची? तिन्हीचं उत्तर गोल गोल आलं, तर ती फक्त स्वस्त मजुरी आहे.

आता या सभागृहाकडे एक मागणं. मी मघाशी नोंदणीची यादी पाहिली. आपल्यात प्लँट हेड आहेत, एचआर मॅनेजर आहेत, चाकण-रांजणगावला स्वतःचे वर्कशॉप असलेले आहेत. माझ्या प्रवेशाला कंपनीचं संमतीपत्र लागलं आणि कामावरचा एक मार्गदर्शक लागला. माझ्या साहेबांनी दोन मिनिटांत सही केली. पण त्याच दोन मिनिटांच्या सहीसाठी महिनोन्महिने थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. कारण ठरलेलं : "शिकला की सोडून जाईल."

जाईलही कदाचित. आपणही गेलो होतोच की. पण शिकत असलेली दोन-तीन वर्षं तो तुमच्याच मशीनकडे अभ्यासू नजरेने बघणार आहे, हा फायदा कुणी मोजत नाही. म्हणून माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. तुमच्या हाताखालच्या मुलामुलींपैकी कुणी शिकत असेल तर परीक्षेच्या आठवड्यात त्याची नाईट बदलून द्या. संमतीपत्रावरची सही अडवू नका. आणि प्रकल्पासाठी मार्गदर्शक व्हा, महिन्यातून एक तास पुरतो. यात पैसा खर्च होत नाही, नवी योजनाही लागत नाही.

बाई, सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत तेव्हा एका वर्गात साठ जण होतो. मागच्या बाकावरच्यालाही समजलं का, हे तुम्ही खाली येऊन बघायचात. या नव्या वर्गात मागचा बाक म्हणजे नाईट शिफ्ट. तिथपर्यंत जायचं काम आता आमचं आहे.

ज्यांना अर्ज, फी, अभ्यासक्रम याबद्दल विचारायचं असेल त्यांनी मला जरूर फोन करा. गुरुवारी सुट्टी असणाऱ्यांनी गुरुवारी करा, मी उचलेन.