गाडीच्या पोटाखालचा गंज

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरला की शहराच्या लष्कर भागात घरोघरी गाडीचा विषय निघतो. माधवराव शिंदे महाराजांच्या काळात, १९०५ साली सुरू झालेल्या या मेळ्यात अलीकडे नव्या वाहनांना रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळत आली आहे. नवी गाडी घेणारा तिथे घेतो आणि घरची जुनी विकायला काढतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्याही ना हरकत प्रमाणपत्र घेऊन बाहेरच्या गावांत विकायला जाऊ लागल्या. अशी गाडी पाहताना आपण रंग बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, किती किलोमीटर पळाली ते विचारतो. खाली वाकून बघणारा विरळाच. जो वाकतो, तो तांबूस रंग दिसताच एक तर घाबरून परत फिरतो, नाही तर ‘जुन्या गाडीला एवढं चालायचंच’ म्हणून उठतो. माझ्या मते दोघेही चुकतात, कारण दोघांनीही पाहिला तो गंजाचा रंग. गंज नेमका कुठे आहे आणि त्याच्याखाली धातू किती उरला आहे, या दोन गोष्टींवर गाडीचा निकाल ठरतो.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. म्हणून जाड भागावरचा गंज असतो त्यापेक्षा भयानक दिसतो. मागचा ॲक्सल, चाकाजवळचे दणकट आर्म, डिफरन्शियलचे घर यांवर नुसती तांबूस भुकटी असेल तर ब्रशने घासा. खाली घट्ट, सलग धातू लागला तर काळजीचे कारण नाही. सायलेन्सर तापतो, त्याचा रंग जळतो, तो तांबूस होणारच. ब्रेकची डिस्क तर गाडी धुतल्यावर रात्रीत तांबारते आणि पहिल्या दोन-चार ब्रेकांत लखलखीत होते. पण फ्लोअरचा पत्रा साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असतो. त्याच्यावरून गंजाची जाड खपली निघाली, तर त्या खपलीबरोबर पत्राच निघाला असे समजावे. तोच रंग, तोच गंज. एका जागी तो वरवरचा, दुसऱ्या जागी गाडीचे हाड पोखरणारा.

यावर ग्वाल्हेरकराचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे मुंबई-कोकण नव्हे, इथे खारी हवा नाही, उन्हाळा तर भाजून काढतो, मग गंज येईल कुठून? या म्हणण्यात तथ्य आहे. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास गेला की उघडे लोखंड झपाट्याने गंजू लागते आणि क्षार असले तर त्याहून कमी दमटपणाही पुरतो. आपल्याकडे वर्षाचे कित्येक महिने हवा त्याच्या खालीच राहते. पण दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ बघा. गुप्तकाळातला हा सहा टनांहून जड स्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे. त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे त्यावर राखणारा पापुद्रा धरला आणि उत्तरेच्या कोरड्या हवेनेही साथ दिली. मात्र १९६१ मध्ये तो उकरून पुन्हा बसवला गेला, तेव्हा त्याच्या जमिनीत गाडलेल्या भागावर गंजाचे थर होते. लोखंड एक, गाव एक. जिथे ओली माती बिलगून राहिली तिथे गंज चढला. गाडीच्या पोटाखाली हेच घडते. जुलै ते सप्टेंबरचा चिखल चाकाच्या कमानीत आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, जाऊन बसतो. पाणी निघून जाण्याची भोके बुजतात. पौष-माघाच्या धुक्यात थंड पत्र्यावर दव धरते आणि त्या मातीत मुरते. बाहेर महाराजवाड्याच्या चौकात ऊन तापलेले असले तरी सिलच्या आत ओल टिकून असते. शिवाय गाडी आज कुठे उभी आहे यापेक्षा आजवर कुठे नांदली हे महत्त्वाचे. एम.पी. ०७ ही ग्वाल्हेरची पाटी नंतरही लागू शकते; आधीची नोंदणी कुठली, ते कागदपत्रांत बघा.

आता प्रत्यक्ष तपासणी. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या मोटारींची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. तिथला एक नियम आपण सरळ उचलावा असा आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्ट जिथे बॉडीला जोडलेले असतात, त्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झालेला चालत नाही. या जागांवरच आपला जीव टांगलेला असतो. तिथे अंगठा दाबून पाहावा, पत्रा लवतो का. पान्याच्या मुठीने हलकेच ठोकावे. धड पत्रा ‘टण्ण’ वाजतो, सडलेला ‘बद्द’ आवाज करतो आणि आतून माती झडते. चुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवावे. पुट्टी भरलेल्या जागी ते सुटते. जॅक लावायच्या जागेची पट्टी नीट निरखावी. तिचे दोन पत्रे एकमेकांपासून फुगून विलग झाले असतील, कडेला बिस्किटासारखे पापुद्रे सुटत असतील, तर गंज आतून बाहेर आलेला आहे आणि बाहेर दिसतो त्याहून आत जास्त आहे. ब्रेकच्या बारीक नळ्यांवर मात्र दयामाया नको. खड्डे पडलेली नळी बदललीच पाहिजे. आणि हे सगळे लिफ्टवर किंवा खड्ड्यावर करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

कोणी म्हणेल, खाली नवे काळेकुळकुळीत अंडरकोटिंग आहे, मग प्रश्न मिटला. मला ते बघून समाधान वाटत नाही, शंका येते. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर केलेले कोटिंग उत्तम. गंजावरच फासले तर ओल आत कोंडते आणि पुरावा झाकला जातो. बारा वर्षांच्या गाडीचे पोट आठवड्यापूर्वी का रंगवले, हे विकणाऱ्याला विचारावेच. दुसरा म्हणेल, कागद पक्के आहेत. पण खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांसाठी होते. नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत तिचा पत्रा कुणी ठोकून पाहावा असा नियम नाही. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या कागदांवरून तिच्या पोटाबद्दल काहीच कळत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. फ्लोअरला रुपयाएवढे भोक असेल, आजूबाजूचा पत्रा सशक्त असेल, तर सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करून घेता येतो. तेवढी किंमत कमी करून गाडी खुशाल घ्यावी. सिलवर रिव्हेट मारून नुसता पत्रा चिकटवला असेल, किंवा त्या तीस सेंटिमीटरच्या आत बोट शिरत असेल, तर मात्र ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

लिफ्टवर गाडी चढवून बघायला अर्धा तास पुरतो आणि गावातले कुठलेही सर्व्हिसिंगचे दुकान थोड्या पैशांत ते करून देते. तेव्हा यंदा जुनी गाडी बघायला निघालात तर खिशात बॅटरी आणि चुंबक ठेवा, आणि इसार देण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या. मालक त्याला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.