मे महिन्यात खणलेला खड्डा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय जेवणाच्या वेळी काढण्यासारखा नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे तो कोणत्याच वेळी काढला जात नाही. घर बांधताना फरशीचा रंग ठरवायला आपण चार दुकानं फिरतो. संडासाची टाकी आणि शोषखड्डा मात्र गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात २००९ साली दोन नवे संडास बांधले, तेव्हा टाकी कुठे आणि खड्डा कुठे, हे मी पाहिलंसुद्धा नाही. ते पाहायची वेळ आली दहा वर्षांनी, २०१९ च्या गणपतीत.

एरवी त्या घरात तीन माणसं असतात. गणपतीला आम्ही अठरा जण जमलो. त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका संडासातलं पाणी हळूहळू उतरू लागलं, दुपारी दुसऱ्यातलं उतरेना, आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी न्हाणीघराच्या जाळीतून उलटं पाणी वर आलं. घरात पाहुणे, सोवळ्यातला स्वयंपाक, आणि हा प्रकार! सगळ्यांचं एकमत झालं की टाकी भरली. तालुक्याहून मैला उपसणारा टँकर मागवला. त्याने सणाचे म्हणून जास्तीचे पैसे घेतले, टाकी रिकामी केली, आणि आम्ही निश्चिंत झोपलो. सकाळी टाकी पुन्हा काठोकाठ होती.

अठरा माणसं झाली तरी रात्रीत किती पाणी सोडणार? टाकी साधारण तीन हजार लिटरची. मग ती भरली कशाने?

आमच्या ओळखीचे एक निवृत्त अभियंता जवळच्याच गावात राहतात. पाणीपुरवठ्यात त्यांची हयात गेली. त्यांना आणलं. छत्री सांभाळत ते परसात आले आणि पहिलंच वाक्य बोलले, “टाकी भरली म्हणून काय बिघडलं? टाकी भरलेलीच असते.”

हे मला तोवर माहीत नव्हतं. सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवायचं पिंप अशी माझी समजूत होती. तसं नाही. नवी टाकी वापरात आली की थोड्याच दिवसांत भरते आणि पुढे कायम भरलेलीच राहते. जड मैला तळाशी बसतो आणि कुजतो, तेलकट फेस सायीसारखा वर तरंगतो, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पलीकडच्या तोंडाने बाहेर पडतं. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. ते बाहेर पडलेलं पाणी जमिनीत मुरवायचं काम शोषखड्ड्याचं. म्हणजे टाकी अर्धं काम करते, उरलेलं अर्धं जमीन करते. तेव्हा पाणी तुंबलं की टाकी भरली का, हे विचारण्यापेक्षा पाणी कुठे अडलं, हे विचारायला हवं.

त्यांनी शोध घेतला तो असा. आधी संडास आणि टाकी यांच्यामधलं चेंबर उघडलं. हे चेंबर कोरडं असेल आणि घरात तुंबलं असेल, तर बोळा घराकडच्या पाइपात आहे. बांबूच्या कामट्या घालून तो निघतो. आमचं चेंबर तुडुंब. म्हणजे अडचण पुढे. मग टाकीचं झाकण सरकवून ते दोन पावलं मागे सरले आणि काही वेळ नुसते उभे राहिले. जवळ कोणाला येऊ दिलं नाही, विडी ओढणाऱ्याला लांब पिटाळलं. मग लांबूनच बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी असायला हवी. आमच्याकडे तो पाइप पूर्ण बुडालेला होता. टँकर पुन्हा बोलावून पाणी निम्म्यावर आणलं, तेव्हा उलगडा झाला. बाहेर जायच्या पाइपातून पाणी धो धो आत येत होतं! रात्रभर आमची टाकी भरत होता तो शोषखड्डा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. शेजारचा एक तरुण मुलगा मदतीला आला होता. तो म्हणाला, “मी उतरतो आत, बघतो कुठे अडलंय ते.” चांगल्या मनानेच म्हणाला. आमचे अभियंता त्याच्यावर असे ओरडले की पोरगं चपापलं. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखी घाण येते, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं, वास गेला, आता धोका नाही, आणि दोन श्वासांत तो खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रांत एकाच टाकीत तिघे-चौघे दगावल्याची बातमी येते ती अशी. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय अशा टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी, पाच हजारांच्या कामासाठी कोणाच्या मुलाला त्यात उतरवावं असं काही त्या टाकीत नसतं.

तर पाणी खड्ड्यातून येत होतं. खड्डा मातीने बुजून निकामी झाला होता का? तसंही होतं. वर्षानुवर्षं मैल्याचं पाणी झिरपून खड्ड्याच्या अंगाला काळा, बुळबुळीत थर धरतो आणि माती पाणी पिईनाशी होते. टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही तर तो वाहून खड्ड्यात जातो आणि हे लवकर घडतं. म्हणून दोन-तीन वर्षांनी गाळ काढावा. पण बुजलेला खड्डा मार्च महिन्यातही त्रास देतो. आमचा त्रास, आठवून पाहिलं तर, दरवर्षी जुलैत थोडासा सुरू व्हायचा आणि दिवाळीपर्यंत आपोआप जायचा. माणसं कमी म्हणून खपून जायचं, इतकंच. पावसाळ्यात येणारं आणि दिवाळीला जाणारं दुखणं हे खड्ड्याचं नव्हे, जमिनीतल्या पाण्याचं.

त्याची खात्री करायला त्यांनी केलेली गोष्ट मी विसरणार नाही. गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी त्यांनी आणवली. आमच्या शोषखड्ड्यापासून शेजारच्या काकूंची विहीर चाळीस फुटांवर आहे. खड्ड्यातल्या पाण्याची पातळी घेतली, विहिरीतल्या पाण्याची घेतली. दोन्ही एका रेषेत. बोटभरही फरक नाही.

“हा तुमचा शोषखड्डा नव्हे,” ते म्हणाले. “पावसाळ्यात ही तुमची दुसरी विहीर आहे.”

कोकणात हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वरचा जांभा सच्छिद्र, पाणी भराभर पितो. त्याच्या खाली पुष्कळ ठिकाणी चिकण माती लागते, तिच्यातून पाणी उतरत नाही. मग ते वरच्या वर साचत जातं आणि श्रावणात विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. खड्डा मात्र खणला जातो मे महिन्यात. तेव्हा गडी मोकळे असतात, जमीन कोरडी असते, पाणी खोल गेलेलं असतं. दहा फूट खणलं, चार बादल्या ओतल्या, पाणी गडप झालं, गवंडी खूश, आपण खूश. जितका खोल तितका चांगला, ही समजूत इथे आपल्यावर उलटते. खोल खड्ड्याचा तळ जुलैत पाण्याखाली जातो. आणि जांभ्याच्या भेगांतून पाणी मातीसारखं गाळून निघत नाही, ते नुसतं वाहतं.

भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट तरी दूर असावा असं सांगितलं आहे. जमिनीतलं पाणी १८० सेंटिमीटरच्या आत वर येत असेल तिथे असा खड्डा घेऊच नये, पाणी उथळ चरांत किंवा जमिनीच्या वर उंचवटा करून मुरवावं, असंही त्यात आहे. आमचा खड्डा चाळीस फुटांवर, आणि पाणी चार फुटांवर.

आता प्रश्न आला तो काकूंना सांगायचं कसं. त्या विहिरीवर दोन घरं पाणी पितात. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायच्या बाटल्या असतात, नमुना भरून ठेवला आणि पाणी काळं पडलं तर ते दूषित समजायचं. काकूंच्या विहिरीचं पाणी रात्रीत काळं पडलं. ते आमच्याच खड्ड्यामुळे, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पावसाळ्यात उघड्या विहिरीत गोठ्याचं आणि अंगणाचंही पाणी उतरतं. पण नळी माझ्या हातात होती, आणि रेषा मी पाहिली होती.

गेलो आणि सांगितलं. पाणी उकळून प्या, विहिरीत टीसीएल टाकून घेतो, खड्ड्याचं काहीतरी करतो, असं सगळं एका दमात बोललो. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अरे, मग आमच्या खड्ड्यातलं तुमच्या विहिरीत येतच असेल की.” मी नंतर मोजलं. पंचवीस फूट.

सणापुरता उपाय एकच होता, पाणी कमी करणं. न्हाणीघराचं, मोरीचं आणि कपडे धुण्याचं पाणी टाकीतून तोडून केळींकडे वळवलं. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर टँकरचे पैसे वाचले असते. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकून पाहिली, न ओढताच भांड्यात निळं पाणी दिसू लागलं. म्हणजे वॉशर गळत होता, आणि दिवसाला शेकडो लिटर पाणी गुपचूप जात होतं. छपराच्या पागोळ्या थेट खड्ड्याच्या अंगावर पडत होत्या. शंभर चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं, ते आम्ही स्वतःच खड्ड्याला पाजत होतो. पन्हळ लावली, वरच्या अंगाला चर काढला. बाजारातली जिवाणूंची पावडर कोणीतरी आणून दिली होती, ती तशीच पडून आहे. जमिनीत जागाच नसेल तर पावडर ती कुठून आणणार? आणि तयार प्लास्टिकची टाकी असेल तर भर पावसात ती पूर्ण उपसू नका, रिकामी टाकी पाण्याच्या दाबाने होडीसारखी वर येते.

आणखी एक सल्ला मिळाला होता, बराच लोकप्रिय. मागून एक पाइप काढा आणि वहाळात सोडून द्या. काम एका दुपारचं, खर्च नगण्य. वहाळाच्या खालच्या अंगाला वाडी आहे, तिच्या विहिरी आहेत.

कायमचं काम आम्ही पुढच्या जानेवारीत केलं, पण त्याची परीक्षा सप्टेंबरातच घेतली, जमीन भिजलेली असताना. वीतभर रुंदीचे खड्डे घेऊन, आदल्या दिवशी पाण्याने भरून, दुसऱ्या दिवशी पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर जागा चालते. घराच्या दुसऱ्या अंगाला, दोन्ही विहिरींपासून पंचाहत्तर फुटांवर वरची माती बारा मिनिटांत पाणी पीत होती. तिथे मातीचा उंचवटा करून त्यात खडी आणि भोकांचे पाइप घातले. टाकीतलं पाणी तिथवर चढत नाही, म्हणून मधे एक बंद हौद आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. वादळात वीज जाते, म्हणून हौद एका दिवसाचं पाणी मावेल एवढा. जुना खड्डा उपसून, चुना टाकून बुजवला. खर्च झाला, टँकरच्या चार-पाच फेऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त.

त्यानंतरच्या पावसाळ्यांत घरात पाणी उलटलेलं नाही. एकदा सलग आठवडाभर पाऊस लागला तेव्हा उंचवट्याच्या पायथ्याशी ओल दिसली, तेव्हा दोन दिवस आंघोळी जपून केल्या. काकूंचा खड्डाही आता बदलला आहे, त्याला दोन वर्षं लागली, कारण भावकीत जागेवरून बोलणी व्हायची होती. दोन्ही घरांत पावसाळ्यात पाणी अजून उकळूनच पितात. उंचवट्यावर नुसतं गवत आहे. काकूंना तिथे अळू लावायचं होतं, त्यांना नको म्हटलं. केळी मोरीच्या पाण्यावर उत्तम वाढल्या आहेत, त्यातला एक घड दर गणपतीला त्यांच्याकडे जातो.