जादा तासांचा हिशेब
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजवर या मंडळात मी उभी राहिले ती भोंडल्याची गाणी म्हणायला, नाहीतर उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत सांडग्यांचे प्रमाण सांगायला. आज चिटणीसबाईंनी मला जो विषय दिला आहे तो वकिलांनी बोलायचा. मी सातवी पास. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडलं ते जसंच्या तसं सांगा, आम्हाला तेवढं पुरे." तेव्हा घडले ते सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

आमचे हे बाजारातल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात कामाला आहेत. २०२२ साली तिथे त्यांना सतरा वर्षे झाली होती. हिशेब, मालाची नोंद, गाठी आल्या की मोजून घेणे, हे त्यांचे काम. त्या वेळी महिना पगार १५,६०० रुपये. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मध्ये तासाभराची जेवणाची सुटी, सोमवारी दुकान बंद. हे ठरलेले. पण सणासुदीला दुकानातल्या माणसांचे काय होते ते ज्यांच्या घरचे दुकानात आहेत त्यांना सांगायला नको. घटस्थापना झाली की हे रात्री दहा वाजता, सव्वादहाला, एकदा तर पावणेअकराला घरी आले. सोमवारसुद्धा गेले. दिवाळीच्या पाडव्याला अर्धा किलो काजूकतली आणि एक शर्टपीस घेऊन आले, आणि म्हणाले, "शेटजींनी आठवणीनं दिलं."

मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे आधी कबूल करते. आपल्याला लहानपणापासून हेच ठाऊक, की जादा कामाचे पैसे मिळतात ते गिरणीतल्या नाहीतर कारखान्यातल्या कामगाराला. महिन्याच्या पगारावरचा माणूस तो, त्याचा वेळ मालकाचा. शिवाय ह्यांना तीन वर्षांपूर्वी 'सुपरवायझर' केले होते. पगारात बाराशेची वाढ आणि खिशाला बिल्ला. सुपरवायझर म्हणजे जादा तास विचारायचे नाहीत, असे दुकानात सगळे धरून चालत.

पुढे जानेवारीत ह्यांना दुकानातच चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलेला सांगितला आणि तीन दिवस विश्रांती. महिनाअखेर पगार हातात आला तर तीन दिवसांचे अठराशे रुपये कापलेले. मी विचारले, "दिवाळीत चार सोमवार गेलात, त्यातले तीन दिवस का नाही धरले?" तर हे गप्प. मग म्हणाले, "बाबांच्या ऑपरेशनला शेटजींनीच पैसे दिले होते, विसरलीस?" मी विसरले नव्हते. ते पैसे दरमहा पगारातून वळते करून आम्ही फेडले होते, तेही विसरले नव्हते. पण त्या माणसाने अडीअडचणीला हात दिला होता हे खरेच, आणि त्या शब्दांपुढे मला बोलता येईना.

आता दिनदर्शिकेचे सांगते. आमच्या सासूबाईंना मधुमेह. डॉक्टरांनी मला बजावले होते की त्या रात्री किती वाजता जेवतात ते रोज लिहून ठेवा, गोळीचे प्रमाण त्यावरून ठरवू. आणि सासूबाईंचा हट्ट असा की लेक घरी आल्याखेरीज ताटावर बसायचे नाही. किती समजावले तरी नाही. तेव्हा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या खाड्यांशेजारी आणि गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी, मी रोज एक वेळ लिहीत असे. जेवायची म्हणून लिहिलेली ती वेळ ह्यांच्या घरी येण्याचीच वेळ होती. अठराशे कापले त्या रात्री मी ती पाने पुन्हा उलटली. दुकान ते घर पंधरा मिनिटांची वाट. ती वजा केली, सात वाजल्यापुढचे तास मांडले. २७ सप्टेंबर ते २३ ऑक्टोबर, सोमवार सोडून चोवीस दिवस. बेरीज आली ७१ तास.

आपल्या एका सभासद भगिनींचे दीर कामगार खात्यातून निवृत्त झालेले आहेत. मी पाने घेऊन त्यांच्याकडे गेले. मला वाटले, हसतील. ते चष्मा लावून बसले आणि एकेक तारीख वाचत गेले. त्यांनी मला त्या दिवशी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते.

महिन्याचा पगार म्हणजे माणूस महिनाभरासाठी विकत घेतला असे नव्हे. पगार ठरतो तो आठवड्याच्या ४८ तासांचा. महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात तेव्हा दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. त्यापुढे काम करवून घेतले तर त्या तासांना नेहमीच्या दुप्पट दराने पैसे. तीन महिन्यांत असे जादा तास १२५ च्या वर घेता येत नसत. आठवड्यातून एकदा सलग चोवीस तासांची सुटी द्यायचीच. त्या दिवशी बोलावले तर दोन महिन्यांच्या आत बदली सुटी द्यायची.

हिशेब त्यांनी माझ्याकडूनच करवून घेतला. १५,६०० ला २६ दिवसांनी भागा, दिवसाचे ६०० आले. ६०० ला आठाने भागा, तासाचे ७५. दुप्पट केले की १५०. ७१ तासांचे १०,६५० रुपये. भगिनींनो, मी तो आकडा दोनदा तपासला. काजूकतली आणि शर्टपीस धरून आठशे रुपयांच्या आत आले असते.

मी म्हटले, "पण दिवाळीला बोनस देतात ना?" ते म्हणाले, "वहिनी, बोनस वेगळा. तो वर्षभराच्या कामाचा. जादा तासांचे पैसे वेगळे. एकात दुसरे बुडवता येत नाही."

आणि सुपरवायझर? त्यावर ते हसले. कायद्यात व्यवस्थापकाच्या, देखरेखीच्या आणि विश्वासाच्या जागांवरची माणसे वगळली आहेत हे खरे. पण त्यांची यादी करून दुकानाच्या संकेतस्थळावर नाहीतर दर्शनी जागी लावायची असते आणि सरकारी सुविधाकाराकडे पाठवायची असते. पूर्वी ज्यांना दुकाने निरीक्षक म्हणत, त्यांना या कायद्यात सुविधाकार म्हणतात. शिवाय बिल्ल्यावर काय लिहिले आहे ते कोणी पाहत नाही, काम काय करतो ते पाहतात. त्यांनी विचारले, "तुमचे यजमान कोणाला रजा देऊ शकतात? कोणाला कामावर ठेवू शकतात?" मी म्हटले, "ते गाठी मोजतात." ते म्हणाले, "झालं तर."

एवढे ऐकून घरी आले तरी ह्यांनी अर्जावर सही करायला आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत घरात कोणी धड बोलत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर अर्ज करायचा?" मला उत्तर सुचले नाही. उत्तर मला मंडळाच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडले, आणि ते मी त्यांना वाचून दाखवले.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा घेतली, आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज केला. मागण्या तरी काय? रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्य मावळला की बंद. झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेच्या आत. काम करताना इजा झाली तर भरपाई. सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. मला हे वाचून अंगावर काटा आला. त्या काळी, दहा हजार पुरुषांसमोर! आणि मी इथे आपल्या चाळीस जणींसमोर पदर सावरते आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला असेही सांगतात. सासूबाईंचे कुलदैवत जेजुरी. त्या म्हणाल्या, "मग रविवार खंडोबानं दिला होय?" मी म्हटले, "मागितला लोखंड्यांनी."

पुढचे सगळे सांगत बसत नाही. डॉक्टर आंबेडकर सरकारात मजूर खात्याचे काम पाहत असताना त्यांनी आठ तासांचा दिवस परिषदेपुढे मांडला, १९४६ साली कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले, आणि दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यात होताच. एवढ्या लोकांनी मागून मिळवलेले ते आपण काजूकतलीवर सोडून देत होतो, एवढेच मला सासूबाईंना सांगायचे होते. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ह्यांनी सही केली.

ह्यांच्याबरोबर आणखी दोघांनी केली. दुकानात तेव्हा चौदा माणसे होती. बाकीचे मागे राहिले, त्यांना मी दोष देत नाही. कामगार कार्यालयातून पत्र गेले. शेटजींनी ह्यांना बोलावून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "बायकोच्या कॅलेंडरवर पैसे मागता?" आता कॅलेंडर हा काही शेवटचा पुरावा नव्हे. पण हजेरीचे आणि जादा तासांचे रजिस्टर ठेवायचे काम मालकाचे. ते त्यांनी ठेवले नव्हते. आणि रात्रीची शेवटची बिले संगणकावर वेळेसकट निघत होती. ह्यांच्या फोनवर 'निघालो' असे मला पाठवलेले निरोप होते. सगळे माझ्या पानांशी जुळले. महिन्याभरात तिघांचेही जादा तासांचे पैसे मिळाले. सोमवारच्या बदली सुट्यांची दोन महिन्यांची मुदत उलटून गेली होती. तिथे तडजोड झाली आणि कापलेले अठराशे परत आले.

हे गोड झाले. कडूही सांगायला हवे. सही करणाऱ्या तिघांतला एक मुलगा हंगामी होता. पुढच्या दसऱ्याला त्याला बोलावले नाही. त्याची आई मला भाजीबाजारात भेटते. ती काही बोलत नाही, पण मी तिच्याशी बोलताना माझी नजर खाली जाते. त्या मुलाला दुसरीकडे काम मिळाले, तरी सहा महिने घरी बसला तो बसलाच.

आता एक गोष्ट सांगते, ती काही जणींना रुचणार नाही. पाने उलटताना दुधाच्या खाड्यांखाली मला आणखी खाडे दिसले. आमच्या भांडीवालीचे. सप्टेंबरात दोन दिवस तिच्या मुलीला ताप होता, मी दोन दिवसांचे पैसे कापले होते. आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती आली होती, दिवाळीच्या पाडव्यालाही आली होती, तिला मी चिवडा दिला होता. शेटजींची काजूकतली आणि माझा चिवडा! त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तिला ते दोन दिवसांचे पैसे दिले, आणि आता महिन्यातून चार दिवस तिची सुटी, पगार न कापता. आमच्या जिन्यातल्या दोघी मला म्हणाल्या, की तुम्ही बायांना शेफारून ठेवता. म्हणोत.

कायद्यात आता बदल झाले आहेत, ते निवृत्त भाऊसाहेबांकडून परवाच पुन्हा समजून घेतले. २०२५ मध्ये दुकाने कायद्यात दिवसाचे तास नऊचे दहा केले, आठवड्याचे ४८ तसेच ठेवले. तीन महिन्यांतल्या जादा तासांची मर्यादा १२५ वरून १४४ केली. दर दुप्पटच. पण पूर्वी दहा माणसांच्या दुकानाला लागू होणारा हा कायदा आता वीस माणसांपासून लागू होतो. म्हणजे ह्यांचे चौदा माणसांचे दुकान त्यातून बाहेर गेले! मला हे ऐकून फार वाईट वाटले. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची वेतन संहिता लागू झाली आहे. तिला माणसांच्या संख्येची अट नाही. किमान वेतन ठरलेल्या कामात जादा तासाला दुपटीहून कमी दर तीही चालू देत नाही, आणि राहिलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तेव्हा जुनी पाने फेकू नका. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून ठेवा. पुरुषांना स्वतःचे तास मोजायला लाज वाटते, असा माझा अनुभव. दार आपण उघडतो, वेळ आपल्याला ठाऊक असते.

आमचे हे अजून त्याच दुकानात आहेत. गेल्या दिवाळीत नऊला घरी येत होते. शेटजी पूर्वीइतके मोकळे बोलत नाहीत, नमस्काराला नमस्कार आहे. सासूबाई साडेनऊच्या आत जेवू लागल्या, त्यांची गोळी अर्ध्यावर आली.

२०२२ ची ती ऑक्टोबरची दोन पाने मी पिशवीत घालून आणली आहेत. एकावर हळदीचा डाग आहे, पण आकडे वाचता येतात. चहाच्या वेळी ज्यांना तास कसे मांडायचे ते पाहायचे असेल त्यांनी माझ्याजवळ या. पेन्सिल आणा, माझ्याकडे एकच आहे.