पिटहोल: तेलाचें गांव

अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें नोकरीनिमित्त एकटा राहत असतां एका रविवारीं मी पिटहोल हें गांव पाहावयास गेलों. गांव म्हणतों खरा. परंतु त्या जुन्या वस्तीपैकीं एकहि घर आज उभें नाहीं. गवत कापून राखलेल्या वाटा, हेच तेथील रस्ते.

१८५९ सालीं जवळच्या टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक यानें सुमारें ७० फूट खोल विहिरींतून खनिज तेल काढलें. १८६५ च्या जानेवारींत पिटहोलच्या रानांत तेल लागलें, आणि सप्टेंबरपर्यंत तेथें सुमारें १५,००० माणसांची वस्ती झाली. पन्नासांवर हॉटेलें निघालीं. पिंपें वाहणाऱ्या गाडीवानांचे दर परवडेनात, म्हणून सॅम्युएल व्हॅन सायकल यानें पांच मैलांचा नळ घातला. पुढें विहिरी आटल्या, आगी लागल्या. १८७० च्या शिरगणतींत अवघीं २३७ माणसें उरलीं. १८७८ मध्यें तें सारें स्थळ ४ डॉलर ३७ सेंटांस विकलें गेलें.

तेथील टपालकचेरी एके काळीं अत्यंत गजबजलेली असे. त्या पत्रांत माझ्यासारख्यांचीं कितीतरी असतील: ‘आणखी थोडे दिवस, मग येतों.’ मीहि आईला तीन वर्षें हेंच लिहीत होतों. अडचण मिळकतीची आहे, असें मला वाटे. त्या गवतांत उभा राहिल्यावर उमगलें, कीं ‘पुरे’ केव्हां म्हणावयाचें, हें मीं कधीं ठरविलेंच नव्हतें. त्या रात्रीं आईला पत्र लिहिलें. त्यांत प्रथमच परतण्याची तारीख घातली.