घरात आहे काय काय?

(मंडळाच्या श्रावणातल्या महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मंडळाच्या ताई बोलवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, काहीतरी उपयोगाचं बोला." मी काही वक्ता नव्हे. चाळीस वर्षं खडेबाजारातल्या कापडाच्या दुकानामागचं घर सांभाळलं, एवढीच माझी विद्या. म्हटलं, मग फ्रीजवर बोलते. ताई हसल्या. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

थट्टा नाही. आज घरी गेल्यावर आधी फ्रीजरचा कप्पा उघडा. तळाशी एक डबा असेल, त्यात काय आहे ते तुम्हालाही सांगता येणार नाही. आपल्या बहुतेक घरांतली मुलं पुण्याला, बेंगळूरला, त्याहून लांब गेली. घरात माणसं दोन उरली आणि हात मात्र आठ माणसांचा राहिला. शनिवारच्या बाजारात पिशवी भरली नाही तर आपल्याला बाजार केल्यासारखं वाटत नाही. त्यात 'एकावर एक फुकट'. फुकटचं ते एक कुठं जातं? माळ्यावर. माझं घर काही वेगळं नव्हतं. ते मला २०२० साली कळलं, आणि वाईट रीतीनं कळलं.

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. मुलगा, सून आणि नात पाडव्यासाठी पुण्याहून शनिवारीच आली होती, ती इथंच अडकली. तीन माणसांच्या घरात सहा झालो. कापडाच्या दुकानाला लग्नसराई म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. माल उधारीवर भरून ठेवलेला आणि शटर बंद. मुलाचा पगार एप्रिलपासून अर्धा. आमचे हे दिवसभर वर्तमानपत्राची एकच घडी घालायचे आणि उलगडायचे. मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पण घरातल्या बाईला कळतंच. दुकानात दोन मुलं कामाला होती. एक बारा वर्षांपासूनचा, दुसरा नवीन. हे हिशेब कशाचा करताहेत ते मी ओळखलं. दोघांतला कुठला कमी करायचा, याचा.

दुसऱ्या दिवशी नातीची अर्धी कोरी वही घेतली आणि घरात काय काय आहे ते लिहायला बसले. फ्रीजर, खालचा फ्रीज, फडताळ, माळा, आणि सासूबाईंच्या खोलीतली पत्र्याची पेटी. नात डबे उघडून सांगायची, मी लिहायची. दोन दुपारी गेल्या. तूरडाळ तीन डब्यांत निघाली, तिन्ही अर्धे. पोह्यांच्या पाच पिशव्या. महाशिवरात्रीचा साबुदाणा आणि वरी. थालीपिठाची भाजणी दोन किलोच्या वर. हुलगे. येळ्ळूरच्या पाव्हण्यांकडचा बासमती, त्यातला एक डबा आदल्या वर्षीचा. नातीसाठी कधीतरी आणलेले पास्त्याचे चार पुडे. फ्रीजरमध्ये मटार, खवलेलं खोबरं, आंब्याचा रस, होळीच्या पुरणाचे दोन गोळे, लिंबाचा रस आणि एक निळा डबा, ज्यात काय आहे ते शेवटपर्यंत ओळखू आलं नाही. तो टाकला. वहीत मात्र लिहिला, 'निळा डबा, वाया'. लाज वाटावी म्हणूनच.

सासूबाई तेव्हा ८२ वर्षांच्या. खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं असताना तू बाजारात जात होतीस होय?"

त्यांचं बोलणं लागलं, कारण मी काही अशा घरात वाढले नव्हते. माझं माहेर निपाणीकडचं, तंबाखूवालं. तंबाखूचा पैसा वर्षातनं एकदा यायचा, तोही हप्त्याहप्त्यानं, व्यापाऱ्याच्या मर्जीनं. पैसा येईपर्यंत घर चालायचं ते आईच्या उतरंडीवर. वरच्या मडक्यात रोजचं, खालच्यात अडीनडीचं. जुने पापड, सांडगे संपल्याशिवाय नव्या वाळवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा आईचा कायदा. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींचं आंदोलन झालं आणि शेतकरी महामार्गावर जाऊन बसले, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आमच्या घरची माणसंही त्यात होती. त्यांच्यासाठी भाकरी बांधताना आईनं तळाच्या मडक्यातली ज्वारी काढली. त्याआधी ते मडकं उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढं ६ एप्रिलला गोळीबार झाला, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मला मात्र ते मडकं आठवतं.

सासूबाईंची आठवण वेगळी. १९६५ साली शास्त्रीजींनी आठवड्यातनं एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा सोमवारी संध्याकाळी या घरातही चूल पेटत नसे. "पण दुपारचं उरलेलं असायचं गं," त्या हळूच म्हणायच्या. "मुलांना दही कालवून द्यायची मी. शास्त्रीजींना कुठं दिसणार होतं?"

तर ठरवलं, दूध, भाजी, तेल आणि मीठ सोडून महिनाभर काही आणायचं नाही. स्वयंपाकाचं पुस्तक इथं फारसं कामाला येत नाही. माझ्याकडे कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आहे, लग्नात मिळालेली. वाटी-चमच्याचं माप दिलेलं असल्यामुळं आमच्या पिढीचा तो मोठा आधार. पण पुस्तक आधी पदार्थ सांगतं आणि मग साहित्य. आम्हाला उलटं चालायचं होतं. साहित्य हे एवढंच आहे, आता पदार्थ कुठला?

रोज सकाळी वहीत बघायचं आणि सगळ्यांत जुनं काय, ते आधी काढायचं. जुना बासमती पुलाव्याला उत्तम, मोकळा होतो. मऊ भाताला नवा. आपल्या आया हेच करत होत्या, फक्त लिहीत नव्हत्या. हुलग्याचं माडगं दोनदा केलं. सुनेनं ते पहिल्यांदाच खाल्लं, आणि तिसऱ्यांदा तिनंच केलं. तीन डब्यांतली तूरडाळ एका डब्यात आली तेव्हा तो एकच डबा भरून वाहिला. म्हणजे तीन महिने मी डाळ संपली असं समजत होते आणि ती घरातच होती. पुरणाच्या गोळ्यांच्या पोळ्या रामनवमीला झाल्या. उरलेली पोळी दुसऱ्या दिवशी कुस्करायची आणि कांदा, मिरची घालून परतायची, हे काय सांगायचं? पण सुनेच्या घरी उरलेली पोळी टाकून देत असत. प्रत्येक घराची रीत, नावं ठेवत नाही. थोडीशी ठेवतेही.

पास्त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. चीज नाही, ते पांढरं सॉस करायला मैदा नाही. शेवटी चिंच-गुळाची आमटी उकळली आणि त्यात ते पास्त्याचे शंख सोडले. नात तोंड वाकडं करून बसली. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "चकोल्याच की गं या!" खरंच, वरणफळंच ती, पीठ मळायचे कष्ट वाचलेली. चारही पुडे तसेच संपले. आजही नात पुण्याहून फोन करून विचारते, "आजी, पास्त्याच्या चकोल्यांत गूळ किती?"

आता दोन गोष्टी जरा कडक आवाजात सांगते, कारण काटकसरीच्या नावाखाली आपण बायका नको ते खातो. घरच्यांना ताजं वाढायचं आणि शिळं आपल्या पानात घ्यायचं. हे बंद करा.

पहिली गोष्ट भाताची. एप्रिलच्या उकाड्यात रात्रीचा भात मी ओट्यावर झाकून ठेवला आणि सकाळी फोडणी घालून आम्ही दोघींनी, मी आणि सुनेनं, खाल्ला. दुपारपर्यंत दोघी उलट्यांनी बेजार. टाळेबंदीत दवाखाना गाठायचा म्हणजे काय, ते आठवा. शिजवूनही भातात एका जंतूची बीजं जिवंत राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. मग कितीही फोडणी घाला, गरम करा, ते विष जात नाही. उरणार असं दिसलं की भात परातीत पसरून लवकर गार करायचा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवायचा. फोडणीचा भात सोडा असं मी म्हणत नाही. मला तर तो ताज्या भातापेक्षा आवडतो.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. आपल्याकडे शेंगाची चटणी नाही असं घर नाही. बुरशीचा वास येणारा, काळवंडलेला, कडवट दाणा भाजून चटणीत खपवू नका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही आणि ते यकृताला घातक आहे. असा दाणा सरळ टाकायचा. तिथं पैशाकडे बघायचं नाही.

फ्रीजरचंही थोडं. थंडीत जंतू मरत नाहीत, झोपतात. बाहेर काढलं की उठतात. म्हणून गोठलेलं ओट्यावर ठेवून सोडवायचं नाही, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवायचं. एकदा सुटलं की परत गोठवायचं नाही. त्यासाठी एका वेळेला लागेल एवढ्याच पुड्या करा. चपट्या करा, लवकर गोठतात आणि पुस्तकांसारख्या उभ्या राहतात. खोबरं बर्फाच्या साच्यात दाबून ठेवा. एक खण, एक आमटी. आणि चिकटपट्टीवर नाव-तारीख लिहा. 'मला आठवेल' असं म्हणू नका, माझा निळा डबा आठवा. वळवाच्या पावसात वीज गेली तर दार उघडून बघायचा मोह टाळा. गच्च भरलेला मोठा फ्रीजर बंद ठेवला तर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. आपला वरचा छोटा कप्पा तेवढा टिकत नाही, पण दार उघडलं नाही तर काही तास तरी नक्की.

महिना संपला. एरवी तीन माणसांच्या घरात किराणा-भाजीला नऊ हजारांच्या आसपास जायचे. त्या महिन्यात सहा माणसांत पाच हजारांच्या आत भागलं. मी वही ह्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, चार हजार उरलेत. ह्यांनी बराच वेळ वही चाळली. 'निळा डबा, वाया' वाचून हसले, महिन्याभरात पहिल्यांदाच. मग म्हणाले, "चार हजारांत एकाचा अर्धा पगार होतो."

"मग उरलेला अर्धा आणि दुसऱ्याचा तुम्ही बघा," मी म्हटलं. "पण कमी कुणालाच करायचं नाही."

उगाच मोठेपणा सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या काटकसरीनं दुकान तरलं नाही. त्यासाठी ह्यांनी ठेव मोडली. पुढचे महिने मुलांनीही कमी पगारावर काढले, आणि मालाचे पैसे फेडायला दोन वर्षं लागली. माझ्या चार हजारांनी एवढंच झालं की तो विषय आमच्या दोघांत उघडला. त्याआधी ते एकटेच हिशेब करत होते. आज दोन्ही मुलं दुकानात आहेत. नवीन होता त्याचं गेल्या वर्षी लग्न झालं. शालू आमच्याच दुकानातला, तोही सवलतीत. हे म्हणाले घरच्याला नफा कसला लावायचा.

वही अजून चालू आहे. तिसरी आहे ही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, बाजाराला जायच्या आधी डबे बघते आणि मगच पिशवी उचलते. कधी कधी पिशवी तशीच खुंटीला राहते.

टाळेबंदीच्या दुपारी सासूबाईंनी नातीला गव्हले वळायला शिकवलं होतं. ओल्या रव्याची चिमूट दोन बोटांत धरून तांदळाएवढा दाणा वळायचा. नातीचे वाकडेतिकडे, सासूबाईंचे एकसारखे. वाटीभर झाले, वाळवून छोट्या स्टीलच्या डब्यात भरले. सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. तो डबा फडताळात आहे, चांगला कोरडा आहे, मी अधूनमधून उघडून बघते. जुनं आधी संपवा असं तुम्हाला इतका वेळ सांगतेय, आणि तो डबा मात्र मी तिन्हीपैकी एकाही वहीत लिहिलेला नाही. या वर्षी गौरीच्या नैवेद्याला त्याची खीर करायची असं ठरवलंय. नात आता नववीत आहे, सणाला येणार आहे. ती म्हणते, सगळे नको, आजी, थोडे ठेव. बघू.