परक्या बेटावर दुकान मांडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात जे चालले आहे तेच सांगा," म्हणून उभी राहिले.

आमच्या घरात सध्या मॉरिशसचे वारे वाहते आहे. थोरल्याला तिथे मसाल्याचा लहानसा कारखाना काढायचा आहे आणि भांडवलाला माझ्या पाटल्या हव्या आहेत. पाटल्या माझ्या आईच्या. म्हणून म्हटले, आधी त्या देशाची चौकशी करू. मुलगी द्यायची तर आपण नुसता बंगला पाहत नाही, घरची माणसे पाहतो. तसेच हे.

चांगले ते आधी सांगते. हा देश १९६८ साली स्वतंत्र झाला. सरकारे निवडणुकीने बदलतात. कंपनीच्या नफ्यावर मूळ कर शेकडा १५. भांडवल आणि कागदपत्रे ठीक असली, तर परक्या माणसाला राहण्याचा व धंद्याचा परवाना मिळतो. शिवाय आपली माणसे तिथे आहेत. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी आपल्या देशातून मजूर नेले, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी गणपती अजून सोडलेला नाही.

आता दुसरी बाजू. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे गिऱ्हाईक थोडे. तांदूळसुद्धा बाहेरून येतो. मग मिरची-धन्याला बोटभाडे पडणारच. कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच, बाजारात क्रिओल. नोव्हेंबरपासून मेपर्यंत वादळांचा हंगाम.

पण मला खरी बोचली ती वेगळीच गोष्ट. १९७० साली तिथे कायदा झाला आणि माल परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यांना सवलती मिळाल्या. हाँगकाँगचे व इतर मालक आले, कपड्यांचे कारखाने निघाले. हजारो बायका घराबाहेर पडून पगार आणू लागल्या. पुढे मजुरी वाढली. २००४ च्या अखेरीस कापडाच्या जागतिक व्यापारातला कोटा संपला. त्या सुमारास कित्येक मालक स्वस्त देशांकडे निघून गेले. मालक गेले, बायका तिथेच राहिल्या.

आपल्या गल्लीतले शिवणकामाचे दुकान एका रात्रीत हलले, ते तुम्हाला आठवत असेल. माझी तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. त्या महिन्यात वाण्याला तोंड दाखवायची लाज वाटे. त्या बेटावरच्या बायकाही अशाच बसल्या असतील.

म्हणून मी मुलाला सांगितले, "बाबा, नुसता कर कमी म्हणून जाणार असशील, तर पाटल्या मिळायच्या नाहीत. आधी ऐन वादळाच्या दिवसांत तिथे दोन महिने राहा. बाजारात हिंड, बोटभाडे धरून हिशेब मांड. कारखान्यात राबलेल्या बायकांना विचार, मालक कसा असावा. ज्यांच्या हातांवर धंदा चालवायचा, त्यांना अडचणीत टाकून उठून यायचे नाही, एवढे मनाशी ठरले तर मग बोल."

दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "आई, जानेवारीचे तिकीट काढतो."

पाटल्या अजून माझ्या हातात आहेत. तो काय सांगत येतो, ते ऐकून ठरवीन. तुमच्यापैकी कुणाचे मुलगे असे निघाले असतील, तर त्यांनाही एवढे विचारा. आपण शिकलेल्या नसू, पण घर पारखायला आपल्याला येते.